लेबल धुतलेल्या बाटल्या

सांगली, गावभाग
मार्चअखेर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

परवा मिरजेच्या लग्नात पंगतीत तू हळूच विचारलंस, "काका, स्कॉच चाखायला शिकायचं तर कुठली बाटली घेऊ?" समोर तुझी आत्या वाढत होती, म्हणून मी जिलबीकडे वळलो. आता निवांत लिहितो. तुला सव्विसावं सरलंय हे मला माहीत आहे. आपल्या राज्यात पंचविशीच्या आत याला हात लावता येत नाही आणि वर परमिटही लागतं, ते आधी काढ. परमिट रूममध्ये आयुष्य काढलेल्या कित्येकांनी ते परमिट कधी पाहिलेलं नसतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की एक बाटली घेऊच नकोस. दोन घे, नाहीतर मित्रात वाटून घे. एकटी बाटली काही बोलत नाही. बेदाण्याचा सौदा आठव. एकच ताट पुढं आलं तर "बरा आहे" यापलीकडं तूही काही म्हणणार नाहीस. शेजारी दुसरं ताट आलं की लगेच याची साल जाड, त्याचा रंग फिका, हा जरा जास्तच सुकलाय, असं सगळं सुचायला लागतं. व्हिस्कीचंही तसंच आहे. दोन ग्लास शेजारी ठेव, आणि दोन्हींत शक्यतो एकाच गोष्टीचा फरक असू दे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही, पुरातून आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई घरात आली तेव्हा आम्ही जमेल तेवढं माडीवर नेलं. धान्य, कागदपत्रं, देव. खालच्या भिंतीतल्या कपाटाची आठवण कोणालाच झाली नाही. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर बोटभर गाळ, आणि त्यात चार सीलबंद बाटल्या, सगळ्यांची लेबलं गेलेली. फोडलेल्या होत्या त्या तिथंच ओतून दिल्या, पुराचं पाणी कुठं शिरलं असेल सांगता येत नाही. उरलेल्या चारांतली ग्लेनफिडिक तिच्या तिकोनी बाटलीमुळं ओळखू आली. दुसरी धुराच्या वासाची होती, बूच काढताच तिनं नाव सांगितलं. राहिल्या दोन. एकाच डिस्टिलरीच्या, एक पिंपात १२ वर्षं मुरलेली आणि एक १८ वर्षं. किंमत दुपटीहून जास्त वेगळी, बाटली सारखी, रंगही जवळजवळ सारखाच.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. मद्यार्क मोजायचा हायड्रोमीटर लावला. तो दोन्हींना ४० टक्केच म्हणाला आणि गप्प बसला. मग दोन मित्रांना बोलावलं. १८ वर्षांचीचं कौतुक आम्ही तिघांनी वर्षानुवर्षं केलेलं, पण लेबल नाही म्हटल्यावर तिघांची तीन तोंडं. शेवटी तुझ्या काकूला नुसता वास घ्यायला सांगितलं. ती घेत नाही, तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, "ही केळ्यासारखी. ही आईच्या जुन्या कपाटासारखी, आत बेदाणे ठेवलेल्या." आम्ही कपाटवालीच्या गळ्यात सुतळी बांधली. ती खरंच १८ वर्षांची होती का, हे आजही नक्की नाही. पण त्या दोन वाक्यांत जेवढं होतं तेवढं आमच्या तीस वर्षांच्या बैठकांत निघालं नव्हतं.

काकूचं नाक रसायनाच्या हिशेबानंही बरोबर होतं. केळ्याचा वास म्हणजे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. आंबवताना यीस्ट जी एस्टर नावाची वासाची रसायनं बनवतं त्यातलं हे एक. तरुण मद्यात असली फळं पुढं असतात. पिंपात वर्षं गेली की लाकूड बोलायला लागतं आणि फळं मागं सरतात. मागं सरली म्हणजे चांगलं झालं असं मात्र नाही. बाटलीवरचा आकडा आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय सांगतो, दर्जा सांगत नाही.

आणि रंगावर तर बिलकूल जाऊ नकोस. स्कॉचसाठीचा ब्रिटनचा २००९ चा नियम सांगतो की व्हिस्की ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षं मुरली पाहिजे, बाटलीत किमान ४० टक्के मद्यार्क हवा, आणि त्यात पाणी व साधं कॅरमेल सोडून काही घालायचं नाही. कॅरमेल म्हणजे जाळलेली साखर. ती मी आयुष्यभर पाहिली. चमचाभर कॅरमेल पिंपभर पाण्याला दहा वर्षांनी म्हातारं करतं.

आता लाकूड. पहिली जोडी याचीच लाव. एका बाजूला ग्लेनमोरांजी ओरिजिनल, दुसऱ्या बाजूला ग्लेनड्रोनॅक १२. पहिली बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या वापरलेल्या पिंपात मुरते. बर्बनला कायद्यानं दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं भांडं लागतं, म्हणून एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला स्वस्तात मिळतात. व्हॅनिला, ओलं खोबरं, असा गोड पांढरा वास तिथून येतो. दुसरी मुरते ती शेरी या स्पेनच्या वाइनच्या पिंपात. त्यातल्या पेद्रो हिमेनेझ या शेरीची द्राक्षं दक्षिण स्पेनमध्ये उन्हात चटयांवर वाळवतात, मग त्यांचा रस काढतात. म्हणजे ते लोक वाइन करण्याआधी अर्धा बेदाणाच करतात! परदेशातली मंडळी या ग्लासात नाक घालून ख्रिसमसचा केक म्हणतात. आपण कशाला म्हणायचं? तू तासगावचा आहेस. काळा बेदाणा आहे, हिरवा की पिवळा, शेडमधून आजच आलेला की कोल्ड स्टोरेजमध्ये वर्ष काढलेला, हे तुला डोळे मिटून कळतं. तेच शब्द वहीत लिही.

आणखी एक गंमत. काही शेरीच्या पिंपांतल्या व्हिस्कीत काडेपेटी ओढल्यासारखा झणका येतो. जाणकार त्यावर तावातावानं भांडतात. कारण साधं आहे. रिकाम्या पिंपाला बुरशी लागू नये म्हणून आत गंधकाची वात जाळायची जुनी पद्धत. पिवळ्या बेदाण्यासाठी तुम्ही शेडमध्ये गंधकाची धुरी देता तोच हा वास. धुरी जास्त झालेला लॉट जिभेच्या टोकाला कसा टोचतो हे तुझ्याइतकं एडिंबरातल्या माणसाला काय कळणार!

दुसरी जोडी धुराची. इथं लोक नकाशा काढून बसतात. स्कॉटलंडमधला स्पेसाइड भाग म्हणजे फळं, आयला म्हणजे धूर, वगैरे. आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं बेट. तिथं सरपण कमी, म्हणून दलदलीतून काढलेलं पीट नावाचं कुजक्या वनस्पतींचं इंधन जाळून मोड आलेलं जव वाळवायचे. धूर जवात बसतो आणि बाटलीपर्यंत येतो. हे खरं आहे. पण त्याच बेटावरच्या बुनाहाव्हनची नेहमीची १२ वर्षांची बाटली बिनधुराची असते. ती आणि लफ्रॉइग १० शेजारी ठेव. बेट एक, समुद्र एक, आणि ग्लास दोन वेगळ्या मुलखांतले वाटतील. जव कसं वाळवलं, मद्य किती दिवस आंबवलं, भट्टीचं भांडं कसं, पिंप कुठलं, हे कळल्यावर नकाशा भिंतीवर टांगायला ठेव.

लफ्रॉइग पहिल्यांदा नाकाशी नेलीस की तू बहुतेक ग्लास खाली ठेवशील. घाबरू नकोस. तो वास मिरजेचा आहे. लहानपणी आजोबांना भेटायला दवाखान्यात गेलो की दारातच जो आयोडीन, फिनाइल आणि ओल्या बँडेजचा वास यायचा, तो. त्याला धुरातून आलेली फिनॉल नावाची रसायनं कारणीभूत असतात. ती जवात मोजतात, दहा लाखात किती भाग या हिशेबानं. लफ्रॉइगच्या जवात ४० च्या पुढं, आर्डबेगच्या ५० च्या आसपास. आकडा जवाचा आहे, बाटलीतला नव्हे. उकळून, ओढून ग्लासात येईपर्यंत बराच गळतो.

मिरजेत आलासच तर सतारमेकर गल्लीत एक फेरी मार. लाकडाचा भुसा, वाळलेला भोपळा, स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश. हे तिन्ही वास मला वेगवेगळ्या व्हिस्कीत भेटलेत. गुऱ्हाळावरची काकवी भेटली, ओलं गोणपाट भेटलं, मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामातला मातकट गोडवाही एकदा भेटला. पण हळदीच्या गोदामातून थेट चाखायला बसू नकोस. मी बसलो होतो. त्या संध्याकाळी तीन बाटल्यांच्या नावापुढं माझ्या वहीत एकच शब्द आहे: हळद.

चाखायचं कसं, ते आता थोडक्यात. कटिंगचा ग्लास नको, तो वर पसरतो आणि वास उडून जातो. स्टीलचा पेला तर नकोच. लोटीसारखा पोटात रुंद आणि तोंडाशी आवळलेला काचेचा ग्लास बघ. प्रत्येकी १५ मिली पुरे, जास्तीत जास्त तीन ग्लास. बशी झाकून पाच मिनिटं ठेव. नाक आत खुपसू नकोस, मद्यार्कानं बधिर होतं. ओठ किंचित उघडे ठेवून काठावरनं वास घे, मग मनगटाचा वास घे, मग दुसरा ग्लास. स्वतःच्या कातडीचा वास नाकाला ताळ्यावर आणतो. धुराचा ग्लास नेहमी शेवटी. घोट तोंडात फिरवून गिळ आणि नाकानं श्वास सोड. खरी चव तिथं कळते.

पाणी घालावं का, यावर भांडणं होतात. घालावं. १५ मिलीत ४० टक्क्यांनी ६ मिली मद्यार्क असतो. त्यात ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी घातलंस की ते ३० टक्क्यांच्या आसपास येतं. निरनिराळ्या व्हिस्की मिसळून ब्लेंड करणारे लोक तर २० टक्क्यांवर आणून वास घेतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायकॉल हा धुराचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडं सरकतो, म्हणजे नाकाजवळ येतो. फक्त नळाचं क्लोरिन मारणारं पाणी नको. आधी पाण्याविना चाख, मग चमचा. बर्फ आणि सोडा एरवी खुशाल घे, उन्हाळ्यात मीही घेतो, पण गारव्यात वास झोपतो, म्हणून तुलना करताना नको. आणि भडंग नंतर. लसूण-तिखट जिभेवर बसलं की पुढचं सगळं भडंगच लागतं.

तिसरी जोडी मला स्वतःला आवडते, पण क्लबातली माणसं हसतात. जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल, म्हणजे एक ब्लेंड केलेली स्कॉच, आणि आपली एखादी साधी देशी व्हिस्की. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीचा पाया धान्याचा नसून मळीपासून केलेल्या स्पिरिटचा असतो, म्हणून युरोपात तिला व्हिस्की म्हणायची परवानगी नाही. मी ज्या मळीचे नमुने तपासले तिचाच हा चुलतभाऊ. आमच्या आसवनीतला उंच स्तंभ स्पिरिट इतकं घासून-पुसून काढतो की मळीचा मागमूस राहत नाही. ब्लॅक लेबलमध्येही स्तंभातून काढलेली धान्याची व्हिस्की असतेच. तसला स्तंभ इनिअस कॉफी या माणसानं १८३० मध्ये पेटंट केला. पण तिच्यासोबत तांब्याच्या भांड्यातून आलेल्या माल्ट, म्हणजे मोड आलेल्या जवाच्या व्हिस्की असतात, आणि तळाशी थोडा धूर. शेजारी ठेवून चाखलंस की ब्लेंड म्हणजे भेसळ हा गैरसमज एका संध्याकाळीत जाईल.

तुझ्या आजोबांच्या द्राक्षबागेचाही यात हात आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, ब्रँडी मिळेनाशी झाली आणि तिच्या रिकाम्या जागेत स्कॉच जाऊन बसली. फ्रान्स सावरला तो अमेरिकन खुंटावर कलमं करून. तुमच्या बागेत डॉगरीजचा खुंट आहे, तोही मूळचा अमेरिकेचाच.

आपल्या देशातली माल्ट नंतर चाख. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीनं २००४ मध्ये ग्लासगोत जाऊन आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्ट, विकली, तेव्हा पुष्कळांच्या भुवया वर गेल्या होत्या. स्कॉटलंडमध्ये वर्षाला पिंपातलं दोन टक्के उडून जातं, आपल्याकडं उन्हानं दहाच्या आसपास. म्हणून आपली चार-पाच वर्षांची व्हिस्की त्यांच्या कितीतरी थोरल्या व्हिस्कीइतकी लाकडाची लागते. त्यावर वेगळं पत्र लिहीन.

बाटली उभी ठेव. वाइनसारखी आडवी ठेवून मी एक बूच कुजवलंय, गाळणीतून बुचाचा भुगा काढत बसलो होतो. आणि मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवू नकोस.

पुढच्या रविवारी संध्याकाळी ये. बाईक आणू नकोस, तासगावची एसटी पकड आणि रात्री इथंच झोप. येताना बेदाण्याच्या दोन पुड्या आण, एक धुरीचा, एक बिनधुरीचा, पुडीवर काही लिहू नकोस. सुतळीवाली अजून चार बोटं उरली आहे. काकूला म्हटलंय, ती या वेळी तुझ्या नाकाची परीक्षा घेणार आहे.

तुझा,
काका