प्रॉक्झिमाचा ग्रह मुलांना दाखवण्याबाबत

आपण हिंगोली जिल्ह्यातील शाळेत शिकवता, विद्यार्थ्यांना प्रॉक्झिमा या ताऱ्याभोवती फिरणारा ‘प्रॉक्झिमा सेंटॉरी बी’ हा सूर्यमालेबाहेरचा, आपल्याला सर्वांत जवळचा, कदाचित वस्तीयोग्य ठरू शकेल असा ग्रह दाखवू इच्छिता, आणि आठ इंची दुर्बिणीतून तो दिसेल असे दुकानदाराने आपल्याला सांगितले आहे. हे वाचून मला माझा २०१८ चा मे महिना आठवला. मी खगोलशास्त्राचा प्राध्यापक नाही, परभणी जिल्ह्यात भूगोल शिकवतो. त्यामुळे पुढील मजकूर अनुभव म्हणूनच वाचावा. दुर्बिणीची जुळणी, नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) वगैरे आपल्याला ठाऊक असणार, म्हणून ते वगळतो.

ग्रह दिसणार नाही. आठ इंची सोडा, तो कोणी प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही. चिलीतील ला सिया वेधशाळेतून घेतलेल्या वर्णपटांत, म्हणजे रंगांत विभागलेल्या तारकाप्रकाशात, प्रॉक्झिमा हा तारा ११.२ दिवसांच्या आवर्तनाने सेकंदाला सुमारे दीड मीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतक्या वेगाने मागेपुढे होताना आढळला, आणि त्याला ओढणारा ग्रह असणार यावरून २०१६ मध्ये ग्रहाचे अस्तित्व जाहीर झाले. दुकानदाराशी वाद घालू नये. त्याला दुर्बीण विकायची असते.

माझी चूक मात्र ग्रहाची नव्हती, ताऱ्याची होती. पाझर तलावाच्या बांधावर तीसेक मुले जमवून मी सहा इंची दुर्बीण नरतुरंग या दक्षिणेकडील तारकासमूहातील मित्र (अल्फा सेंटॉरी) या ठळक ताऱ्यावर लावली. हवा शांत होती. एका ताऱ्याचे दोन झाले, एक पिवळसर, दुसरा जरा मंद आणि नारिंगी. तो नारिंगी तारा म्हणजेच प्रॉक्झिमा, लाल बटू म्हणजे लहान, निस्तेज लाल तारा, त्याच्याभोवती आपली दुसरी पृथ्वी फिरते आहे, असे मी ठणकावून सांगितले. स्थानिक वृत्तपत्रात बातमीही आली. वर्षभराने अकरावीसाठी लातूरला गेलेली एक विद्यार्थिनी सुटीत भेटली आणि तिने विचारले, “सर, प्रॉक्झिमा मित्रापासून दोन अंशांहून जास्त दूर आहे, मग आपण दोन्ही एकाच नेत्रिकेत कसे पाहिले?” मी दाखवलेला तारा मित्राचाच जोडीदार होता. खरा प्रॉक्झिमा अकराव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), म्हणजे त्या जोडीदाराच्या आठ हजार पटींनी मंद. तोवर त्या तुकडीतील अर्धी मुले गाव सोडून गेली होती; त्यांच्या डोक्यातून तो चुकीचा तारा मला आजही काढता आलेला नाही, आणि हेच सर्वांत जास्त लागले.

‘दुसरी पृथ्वी’ हा शब्दही मी आता वापरत नाही. वस्तीयोग्य याचा अर्थ इतकाच की पाणी द्रवरूपात राहण्याजोगी ऊब तिथे मिळू शकते. तारा इतका निस्तेज आहे की त्यासाठी ग्रहाला सुमारे ७० लाख किलोमीटरवर राहावे लागते, आणि एवढ्या जवळून ताऱ्याच्या प्रचंड ज्वाळांचा मारा सोसून वातावरण टिकले असेल का, हे ठरलेले नाही. ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीइतके असे छापले जाते, तो किमान आकडा असतो. कक्षा आपल्या दिशेने किती कललेली आहे हे कळल्याशिवाय खरा आकडा मिळत नाही. मुलांना हे सांगितले तर त्यांचा उत्साह मावळतो असे काही सहकारी म्हणतात. माझा अनुभव उलट आहे.

कुलूपबंद पडलेली मोठी दुर्बीण दोन रात्रींसाठी मिळावी म्हणून मी एका कार्यालयाला तीनदा अर्ज दिला आणि तिन्ही वेळा तो ‘विहित नमुन्यात नाही’ म्हणून परत आला. तो नमुना मात्र कोणी दाखवला नाही. तिथे उन्हाळा घालवू नये, एवढेच सुचवतो.

आपल्या भागातून मित्र दक्षिणेला सर्वांत उंच येतो तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर असतो, प्रॉक्झिमा आठच. मेच्या अखेरीस मित्र रात्री साडेदहाच्या सुमारास तिथे पोहोचतो, पण तेव्हा शाळेला सुटी असते आणि शाळा उघडेपर्यंत ढग येतात. म्हणून गावातच राहणारी मुले आधी हेरून ठेवावीत, दक्षिणेला झाड किंवा गावाचे दिवे नसलेली जागा निवडावी, आणि वळवाची सर पडून धूळ बसली की त्याच रात्री निघावे. मित्र साध्या डोळ्यांनी दाखवावा, त्यापासून चार पौर्णिमेच्या चंद्रांइतके अंतर हाताने मोजून दाखवावे, आणि तिथे एक तारा आहे जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, असे सांगावे.