दोन मुलं आणि शाकाहारी आई-वडील घेऊन स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क किनाऱ्यावर गाडीने आठ-दहा दिवस फिरणं जमेल का? मार्ग कसा ठरवावा?

जमेल. आम्ही सप्टेंबरात करून आलो. मी, बायको, अकरा आणि सहा वर्षांच्या दोन मुली आणि माझी आई. आई मूळची गुहागरची, वय एकाहत्तर, अंडंसुद्धा खात नाही. एकूण नऊ रात्री.

पण नकाशा समोर ठेवून मार्ग आखू नका. तिथली अंतरं फसवतात. बिल्बाओ ते सान सेबास्तियान जेमतेम शंभर किलोमीटर, टोलच्या रस्त्याने सव्वा तास. मग वाटतं, एका दिवसात पाच गावं सहज होतील. मी तशी एक्सेल शीटही केली होती. ती तिसऱ्या दिवशी मोडली, कारण तिथे दोन घड्याळं चालतात, एक स्वयंपाकघराचं आणि एक समुद्राचं, आणि माझ्या शीटमध्ये दोन्हीचा पत्ता नव्हता.

आधी स्वयंपाकघराचं सांगतो. दुपारचं जेवण साधारण दीड ते साडेतीन. त्यानंतर बहुतेक ठिकाणी चूल बंद, ती उघडणार थेट साडेआठच्या सुमाराला. आम्ही गेतारियाला पोहोचलो पावणेचारला. बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत हॉटेलांच्या बाहेर कोळशाच्या शेगड्या लावलेल्या असतात, त्यावर अख्खे मासे भाजतात. वास अजून दरवळत होता, पण वेटर टेबलं पुसत होता. धाकटी रडायला लागली. शेवटी पाव आणि केळी घेऊन बंदराच्या भिंतीवर बसलो. जगाला पहिली समुद्रप्रदक्षिणा घालून 1522 साली परतलेला एल्कानो या गावचा, आणि फॅशनवाला बालेन्सियागाही इथलाच. हे सगळं मी भुकेल्या मुलींना सांगत होतो, कुणी ऐकत नव्हतं.

समुद्राचं घड्याळ दुसऱ्या दिवशी कळलं. सुमाइयाला इत्झुरुन नावाचा किनारा आहे. तिथल्या कड्यात चुनखडी आणि चिकणमातीचे थर जवळजवळ उभे झालेत, खारी बिस्किट आडवं कापल्यावर पदर दिसतात तसे. तो खडक पाहायचा तर ओहोटी हवी. आम्ही गेलो संध्याकाळी पाचला. पुळण जवळपास नव्हतीच, लाटा वर येऊन आपटत होत्या. आई म्हणाली, “आज सर्वपित्री आहे. उधाण असणार हे मी सकाळीच म्हणाले होते.” खरंच म्हणाली होती. मला वाटलं ती श्राद्धाचं काहीतरी बोलतेय. त्यातून सप्टेंबरअखेर दिवस-रात्र समान असते तेव्हाची उधाणं वर्षातली मोठी, आणि बास्क किनाऱ्यावर पाणी अशा वेळी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. आईचं तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं सूत्र मात्र तिथे लागू पडलं नाही. ते आपल्या किनाऱ्याचं आहे, अमावस्येला बाराला भरती धरणारं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला परत गेलो, आणि तोच किनारा ओळखू येईना. पाणी पार मागे, आणि खडकाच्या लांबच लांब पट्ट्या समुद्रात शिरलेल्या, मधल्या चरांमध्ये खेकडे. जवळच कड्यात एक काळपट बारीक थर आहे, डायनोसॉर संपले त्या वेळचा, म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हा होऊन ओतला जात होता तोही हाच सुमार. थोरलीने हे ऐकून विचारलं, “मग पुण्याच्या टेकड्या याच्या बहिणी का?” मला उत्तर सुचलं नाही, पण प्रश्न आवडला. भरती-ओहोटीचा तक्ता रोज सकाळी फोनवर बघा आणि मगच किनारा निवडा. लेकेइतियोला तर समोरच्या बेटावर ओहोटीत चालत जाता येतं. वेळ चुकली की तिकडेच अडकाल.

आता मुक्काम. तीन पुरेत. दोन रात्री बिल्बाओ, चार रात्री सारौत्स किंवा सुमाइया, तीन रात्री ओंदारिबिया. सान सेबास्तियानमध्ये राहू नका असं माझं मत. गाडी ठेवायला जागा नाही, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिथला चित्रपट महोत्सव असतो तेव्हा खोल्यांचे भाव विचारूच नका. सारौत्सहून लोकल गाडीने दिवसभरासाठी जाऊन या. ला कोंचाचा किनारा, 1912 पासून चालणारी इगेल्दो डोंगरावरची दोराची रेल्वे, आणि वर जुनाट पाळणे असलेली छोटी जत्रा. मुली अजून त्याच जत्रेबद्दल बोलतात.

बिल्बाओत गुगेनहाइम संग्रहालय बघालच. आत नाही गेलात तरी बाहेरचा फुलांचा प्रचंड कुत्रा मुलांना पुरतो. त्यापेक्षा मला आवडला तो पोर्तुगालेतेचा झुलता पूल, 1893 चा. वर लोखंडी सांगाडा, त्याला तारांनी टांगलेली एक पेटी, आणि त्या पेटीत बसून माणसं आणि गाड्या नदी ओलांडतात. आईला तो दाभोळच्या जेट्टीचा, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीचा, हवेतला प्रकार वाटला.

बिल्बाओहून किनाऱ्याकडे जाताना गेर्निकाला थांबा. 26 एप्रिल 1937 ला, बाजाराच्या दिवशी, जर्मन आणि इटालियन विमानांनी ते गाव जाळलं. पिकासोचं त्यावरचं प्रसिद्ध चित्र तिथे नाही, ते माद्रिदला आहे. गावात त्याची टाइल्सवरची प्रतिकृती आहे. तिथलं ओकचं झाड मात्र बघा. त्याच्याखाली बास्क लोकांच्या सभा भरत आणि राजे त्यांचे हक्क पाळायची शपथ घेत. जुन्या झाडाचं वठलेलं खोड खांबांच्या मंडपात जपून ठेवलंय. गास्तेलुगाचे हे समुद्रातल्या खडकावरचं छोटं चर्च. त्याच्या 241 पायऱ्या आई चढली नाही, वरच्या रस्त्यावरून बघितलं. तुमच्या वडिलांचे गुडघे कसे आहेत ते तुम्हालाच माहीत. गर्दीच्या दिवसांत आधी फुकट पास काढावा लागतो.

शाकाहारी जेवणाचा प्रश्न खरा आहे, पण सुटतो. स्वयंपाकघर असलेलं घरच भाड्याने घ्या. आम्ही भाजणी, मेतकूट आणि छोटा कुकर नेला होता. बाहेर “मांस नको” एवढं सांगून भागत नाही. त्यात हॅम आणि ट्यूना येत नाहीत असं तिथे समजतात. “सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन” (मांस नको, मासे नकोत, हॅम नको) असं तिन्ही म्हणा. मिक्स्ता नावाचं सॅलड मागवलं की वर हमखास ट्यूना येतो. गेर्निकाच्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात तळून वर जाडं मीठ घालून देतात, आईने त्या रोज खाल्ल्या. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज फार चांगलं, पण त्यात कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतो. हे मी आईला सांगितलं आणि तिने बशी सरकवली. बायकोचं म्हणणं, सांगायला नको होतं.

तुम्ही स्वतः खात असाल तर मजाच आहे. पिंचो म्हणजे पावाच्या तुकड्यावर किंवा काडीला लावलेला एक-दोन घासांचा पदार्थ. तो पंगतीत बसून खायचा नसतो. एका बारमध्ये उभ्याने एक-दोन खायचे, पैसे द्यायचे, पुढच्या दारात शिरायचं. काउंटरवर मांडलेले उचलू नका, फळ्यावर खडूने लिहिलेले गरम मागवा. लहान मुलं चालतात, सातच्या आधी गेलात तर उभं राहायला जागाही मिळते.

आणि तालो, म्हणजे तिथली मक्याची भाकरी, चुकवू नका. एका गावात उत्सव होता, चौकात स्टॉल. डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजी मक्याच्या पिठात गरम पाणी आणि मीठ घालून मळत होत्या. गोळा फळीवर ठेवून तळहाताने थापायचा, थापता थापता फिरवायचा, मग तव्यावर. आई काउंटरला जवळजवळ चिकटली. दोन मिनिटांनी तिने हाताने खूण करून एक गोळा मागितला, आणि त्या आजींनी दिला. आईने थापलेली कडेला एकसारखी झाली, आजींनी ती उचलून शेजारणीला दाखवली. दोघींमध्ये एक शब्दही समान नव्हता. तालोत तांबडा सॉसेज गुंडाळून देतात. आईने कोरा घेतला, पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली.

भाषेवरून सांगतो. पाट्या दोन भाषांत असतात, त्यातली बास्क भाषा जगातल्या कुठल्याच भाषेची नातेवाईक नाही. “इर्तेएरा” म्हणजे बाहेर पडायचा फाटा, “ओंदार्त्सा” म्हणजे किनारा, “कोंतुस” म्हणजे सांभाळून. स्वच्छतागृहावर फक्त “एमाकुमेआक” असेल तर ते बायकांचं, हे माहीत असू द्या, मी चुकीच्या दारात उभा होतो. गंमत म्हणजे “रामाने आंबा खाल्ला” मधल्या “ने”सारखा कर्त्याला लागणारा प्रत्यय त्यांच्याकडेही आहे, फक्त त्यांचा सगळ्या काळांत लागतो.

गाडीसाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा, तिथे गिअरचीच जास्त. 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला सीट सक्तीची. फ्रान्समध्ये जाणार असाल तर गाडी घेतानाच सांगा.

फ्रान्सकडे एस्पेलेतला जा. शरद ऋतूत घरांच्या भिंतीवर तांबड्या मिरच्यांच्या माळा वाळत असतात. दिसायला जळजळीत, चवीला बेडगीहून सौम्य. ओंदारिबियाहून नदीपलीकडच्या, फ्रान्समधल्या आन्दायला मात्र गाडीने नका जाऊ, छोट्या होडीने काही मिनिटांत पोहोचता. नदीत वर एक फेझंट बेट आहे, ते सहा महिने स्पेनचं आणि सहा महिने फ्रान्सचं. या दोन देशांमधला 1659 चा तह तिथे झाला. ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सचं असतं. होडीत बसताना पासपोर्ट जवळ असू द्या. आमचे घरीच राहिले होते, जाऊन आणावे लागले.