मुलगा बोल्डरला (कोलोरॅडो) शिकतोय. आम्ही दोघंही साठीपुढची, जूनमध्ये महिनाभर जातोय. आजूबाजूचे डोंगर झेपतील का, की गावातलंच बघावं?

झेपतील. फक्त हा प्रश्न मुलाला विचारू नका. तो नको म्हणेल. माझा म्हणाला होता आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून लिहितेय.

मी साताऱ्याची, निवृत्त शिक्षिका. पावसाळा सोडला तर अजिंक्यतारा माझा रोजचा. बोल्डरला गेले तेव्हा 62 वर्षांची होते. बुधवारी रात्री पोहोचलो आणि शनिवारी सकाळी सहाला मुलाने गाडी काढली. एस्टेस पार्कवरून रॉकी माउंटन नॅशनल पार्क, मग ट्रेल रिज रोड. त्या रस्त्याची सर्वात उंच जागा 12,183 फूट आहे. सातारा अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे आठवड्याच्या आत मी साडेनऊ हजार फूट वर गेले, आणि तेही बसल्या जागी.

वर गाडीतून उतरले तर कानशिलं ठणकायला लागली, पोटात ढवळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मागच्या सीटवर आडवी झाले ती खाली येईपर्यंत. साडेसात हजारांवर, एस्टेस पार्कला आलो तेव्हा डोकं उतरलं होतं. तिथे मी बाकावर बसून नीट जेवले. पण मुलाने निकाल दिलाच, "आई, आता तुला डोंगर नकोत."

पुढचे दोन शनिवार-रविवार मला दुकानं आणि चहा दाखवला. चहाचं वाईट नव्हतं. दुशान्बे टीहाऊस तुम्हीही चुकवू नका. ताजिकिस्तानच्या राजधानीने बोल्डरला भेट दिलेली वास्तू आहे ती. तिथल्या कारागिरांनी हाताने कोरली, रंगवली, सुटी करून पेट्यांतून पाठवली, आणि 1998 साली इथे उघडली. छताकडे बघत तासभर सहज जातो. पर्ल स्ट्रीट संध्याकाळी चालायला छान, विद्यापीठाच्या लाल कौलांच्या इमारती एका सकाळी बघून होतात. गावातलं एवढं पुरे.

पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज फ्लॅटआयर्न दिसायचे, तिरपे उभे केलेले भलेमोठे लाल पाषाण. मुलगा लॅबला गेला की मी त्यांच्या पायथ्याच्या शौटाक्वा पार्कपर्यंत चालत जायचे. पहिल्या दिवशी गवताळ माळाच्या टोकापर्यंत, दुसऱ्या दिवशी झाडी सुरू होते तिथपर्यंत, असं रोज थोडं पुढे. हेही सांगते की बोल्डर गावच 5,430 फुटांवर आहे, आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा किंचित उंच. तिथे नुसतं आठ-दहा दिवस राहिलं, चाललं, की शरीर आपणहून जुळवून घेतं. धाप कमी होते, झोप नीट लागते.

तिसऱ्या आठवड्यात सुनेने सुट्टी घेतली आणि आम्ही दोघी रॉयल आर्चला गेलो. जाऊन-येऊन साडेपाच किलोमीटर, चढ साधारण चौदाशे फूट. दगडी पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे, बरीचशी पाइनच्या सावलीतून. सून म्हणाली, खोडाला नाक लावून बघा. खरंच व्हॅनिलासारखा वास येतो. खिंडीत पोहोचलं की आलंच असं वाटतं, पण वाट पुन्हा खाली उतरते आणि शेवटचा खडा चढ तिथून पुढे आहे. मग दगडाची ती प्रचंड कमान, आणि कमानीतून खाली अख्खं गाव. चार तास लागले. डोकं दुखलं नाही, काही नाही.

फोटो बघून मुलगा म्हणाला, "नशीब." नशीब नाही. त्रास वयाचा नव्हता, घाईचा होता. बारा हजार फुटांवर प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो, तिथे तिसऱ्या दिवशी नेलं तर पंचविशीच्या पोरालाही त्रास होऊ शकतो. हे त्याला अजून पटलेलं नाही.

त्या गावाचं कौतुक वाटतं ते आणखी एका गोष्टीसाठी. 1959 साली लोकांनी मतदानाने ठरवलं की ठरावीक उंचीच्या वर पालिका पाणी देणार नाही, म्हणून बंगले डोंगरावर चढले नाहीत. 1967 साली मोकळी जमीन विकत घेण्यासाठी स्वतःवरच विक्रीकर लावून घेतला. आपल्याकडच्या डोंगरउतारांवर काय चाललंय ते बघते तेव्हा हे आठवतं.

तुमच्या यजमानांना किंवा तुम्हाला रक्तदाब, हृदयाचं काही असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे आधीच सांगायला हवं होतं. आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात, ते बोल्डर क्रीकच्या काठाने सपाट रस्त्यावर चालायचे आणि मजेत होते. दुपारी वर विजा पडतात, बारापर्यंत खाली या. पाणी तहान नसतानाही प्या. नॅशनल पार्कला उन्हाळ्यात प्रवेशाची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, ते मुलावर सोपवा.

आणि ट्रेल रिज शेवटच्या आठवड्यात ठेवा. वर, जिथे झाडं संपतात, तिथे जमिनीलगत बोटाच्या पेराहून लहान निळी फुलं येतात. वाट सोडून त्यांच्यावर पाय देऊ नका. माझी ती बघायची राहिली. तुम्हाला दिसली तर एक फोटो इथे टाका.