फॉल सेमिस्टर: कशाला जायचं, काय सोडायचं आणि मदत कुणाकडे मागायची

ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेत आलात, एफ-१ व्हिसा आहे, विद्यापीठाच्या ईमेलचा ढीग साचलाय. त्यातल्या कुठल्या कार्यक्रमांना जावं आणि अडचण आली तर कुणाला गाठावं, असा तुमचा प्रश्न. इथे मदत भरपूर मिळते, पण ती मागायला मुदत असते, आणि अडचण नीट जाणवायला लागते तोवर ती मुदत बहुधा उलटून गेलेली असते. म्हणून कार्यक्रमांपेक्षा तारखांकडे जास्त लक्ष द्या. रजिस्ट्रारच्या पानावर 'अकॅडमिक कॅलेंडर' असतं. त्यातल्या ॲड-ड्रॉप (कोर्स घेणं-सोडणं), विथड्रॉवल (ती मुदत गेल्यावर कोर्स सोडणं) आणि फी परताव्याच्या तारखा आजच फोनमध्ये टाका.

कार्यक्रमांत सगळ्यात महत्त्वाचा करिअर फेअर. पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची भरती बऱ्याच मोठ्या कंपन्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू करतात. 'आधी अभ्यासात रुळतो, मग जानेवारीत बघू' म्हणणाऱ्यांच्या हाती उरलंसुरलं लागतं. फेअरच्या आधी हँडशेकवर (किंवा तुमचं विद्यापीठ जे पोर्टल वापरत असेल त्यावर) कंपन्यांची यादी येते. व्हिसा असलेल्यांना कोण घेतं, हे गाळणी लावून बघा आणि सात-आठ कंपन्याच निवडा. रेझ्युमे एका पानाचा ठेवा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव यातलं काहीही नको. करिअर सेंटरकडून तो तपासून घ्यायचा असेल तर निदान दहा दिवस आधी जा, फेअरच्या आठवड्यात तिथे रांग लागते. 'स्पॉन्सरशिप (कंपनीने कामाचा व्हिसा काढून देणं) लागेल का' या प्रश्नाला खरं उत्तर द्या. इंटर्नशिपसाठी तुम्हाला सीपीटी (शिकत असताना अभ्यासक्रमाशी जोडलेलं काम करायची परवानगी) लागेल, ती तुमचा डीएसओ (इंटरनॅशनल ऑफिसमधला, व्हिसाच्या नियमांचं बघणारा अधिकारी) आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, नोंदवून देतो, कंपनीला वेगळा खर्च येत नाही, एवढं दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सीपीटीसाठी साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं, म्हणजे फॉल आणि स्प्रिंग संपवून मे महिन्यात तुम्ही पात्र होता. नोंदलेल्या तारखेच्या एक दिवसही आधी काम सुरू करू नका. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली तर त्याच पातळीवरची ओपीटी (पदवीशी जोडलेली, सहसा शिक्षण संपल्यावर वापरायची कामाची परवानगी) जाते.

क्लब फेअरला तासभर जा, दोन क्लब निवडा, बाकीच्यांच्या ईमेल यादीत नाव देऊ नका. होमकमिंग, फुटबॉल वगैरे हौसेचा मामला. विभागातले सेमिनार मात्र चुकवू नका, विशेषतः थिसिस करायचा विचार असेल तर. कुठल्या प्राध्यापकाकडे काम आणि पैसे आहेत, हे तिथेच कळतं.

आता अडचणींकडे. ऑक्टोबरच्या मध्यात मिडटर्मचे निकाल येतात आणि 'हा कोर्स ड्रॉप करू का' हा प्रश्न पडतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. नंतर 'डब्ल्यू' (विथड्रॉवलची खूण) लागतो आणि फीही सहसा परत मिळत नाही. 'डब्ल्यू'ने आभाळ कोसळत नाही. खरा धोका वेगळाच आहे. एफ-१ वर पूर्णवेळ शिकावं लागतं, आणि एमएसला बहुतेक ठिकाणी ९ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. तीन कोर्सपैकी एक सोडला की तुम्ही ६ वर येता, आणि पोर्टल तुम्हाला अडवेलच असं नाही. बटण दाबलं की कोर्स गेला. डीएसओची परवानगी आधी घेतली नसेल तर व्हिसाचं स्टेटस तिथेच मोडतं. नंतर डॉक्टरांचं पत्र आणून ते आपोआप सावरत नाही, रीइन्स्टेटमेंटच्या (स्टेटस परत मिळवायच्या) लांबलचक भानगडीत पडावं लागतं. परवानगीचे मार्ग आहेत: आजारपण असेल तर डॉक्टरांच्या किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाच्या पत्रावर (एका पदवीच्या पातळीला एकूण १२ महिन्यांपर्यंत), आणि भाषा, इथली शिकवण्याची पद्धत किंवा चुकीच्या पातळीचा कोर्स यामुळे सुरुवातीला जड जात असेल तर एकदाच, निम्मा भार ठेवून. नुसता 'सी' येईल ही भीती यात बसत नाही. कोर्स बदलताना हेही बघा की पूर्णवेळ भारात एका सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे ३ क्रेडिट, धरला जातो.

तिथवर जायची वेळ येऊ नये म्हणून ऑफिस अवर्स (प्राध्यापकांना भेटायच्या ठरलेल्या वेळा) आहेत. 'काही समजत नाही' म्हणत जाऊ नका. अर्धवट सोडवलेलं गणित घेऊन जा आणि कुठल्या ओळीवर अडलं ते दाखवा. रायटिंग सेंटरवाले व्याकरण दुरुस्त करून देत नाहीत, मांडणीवर बोलतात. असाइनमेंटचा कागद सोबत न्या आणि सबमिशनच्या तीन-चार दिवस आधी जा.

रूममेटला 'नुसता बघायला' असाइनमेंटचा कोड देणं हा आपल्याकडच्या मुलांचा नेहमीचा घात. देणारा आणि घेणारा दोघांवरही कारवाई होऊ शकते. कारवाईचं पत्र आलंच तर प्राध्यापकाला घाईघाईने लांब माफीनामा धाडू नका. आधी ओम्बड्स ऑफिसला (विद्यार्थ्यांच्या अडचणी ऐकणाऱ्या तटस्थ कार्यालयाला) भेटा. ते कुणाची बाजू घेत नाहीत, पण पुढची प्रक्रिया नीट समजावतात.

काउन्सेलिंग सेंटरबद्दल आपल्याकडे उगाच धास्ती असते. तिथलं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय घरी, विभागात किंवा इंटरनॅशनल ऑफिसला कळवलं जात नाही. जिवाला धोका असणं किंवा कायद्याने भाग पाडणं, असे मोजके अपवाद. ट्रान्सक्रिप्टवर काही येत नाही. मोजक्याच भेटी मिळतात आणि मिडटर्मच्या सुमारास वेळ मिळायला आठवडे लागू शकतात, म्हणून झोप उडायला लागली की लगेच नाव नोंदवा. तातडीचं असेल तर त्याच दिवशी भेट मागता येते. रात्री-अपरात्री ९८८ या मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज करा, देशभर चालतो.

पैशांची ओढाताण असेल तर कॅम्पस फूड पॅन्ट्री (गरजू विद्यार्थ्यांना फुकट किराणा मिळतो ती जागा) वापरा. सहसा विद्यार्थी ओळखपत्र पुरतं आणि व्हिसाला त्याने बाधा येत नाही. बाधा येते ती मित्राच्या अकाउंटवर डिलिव्हरी करण्याने किंवा दुकानात रोख पैशांवर काम करण्याने. कॅम्पसवरचं कामही सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच, आणि ते सगळ्या नोकऱ्या मिळून. टीएचे (शिकवण्यात प्राध्यापकाला मदत करायच्या कामाचे) १० तास असतील तर डायनिंग हॉलमध्ये १०च उरतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं एक तास मागे जातात. भारतातल्या कुणाशी कॉल ठरला असेल तर वेळ पुन्हा तपासा. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे चौथ्या गुरुवारी, डायनिंग हॉल बहुधा बंद असतात. इंटरनॅशनल ऑफिस त्या दिवशी स्थानिक कुटुंबांकडे जेवायला पाठवत असेल तर आधी नाव द्यावं लागतं. डिसेंबरात घरी जाणार असाल तर आय-२० च्या दुसऱ्या पानावरची प्रवासाची सही बघा. ती एक वर्ष चालते. नसेल तर नोव्हेंबरातच अर्ज करा, नाताळात ते ऑफिसही बंद असतं.