हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावून 10 दिवस झाले, डेडलिफ्ट पुन्हा कधी सुरू करू?

चालताना आणि जिना चढताना दुखत नसेल तर आजच रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून, बार हातात धरून कमरेतून पुढे झुकणं) सुरू करा, फक्त रिकाम्या बारने. मी स्ट्रेंथ ट्रेनर आहे, ही दुखापत स्वतःही भोगली आहे. नुसती विश्रांती घेत बसलात तर स्नायू आणखी कमजोर होतो. भरून येणाऱ्या नव्या तंतूंना बेताचा भार मिळाला तरच ते ताण सोसायला तयार होतात. खाली जाताना 4 सेकंद लावा, बार मांडीला घासत गुडघ्याच्या जरा खाली येईपर्यंतच. दुखणं 10 पैकी 3 पर्यंत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलं नाही, तर पुढच्या वेळी थोडं वजन चढवा. वाढलं तर मागच्या वजनावर या. सोबत ब्रिज (पाठीवर झोपून नितंब वर उचलणं) करा, आधी दोन्ही पायांवर, मग एका. नॉर्डिक कर्ल (गुडघे टेकून, घोटे कुणाकडून धरून ठेवून शरीर हळूहळू पुढे झुकवणं) सगळ्यात शेवटी, पण ते सोडू नका, दुखापत पुन्हा होऊ नये म्हणून ते फार उपयोगी आहेत. जोरजोरात स्ट्रेचिंग मात्र सध्या नकोच. तेवढ्यापुरतं बरं वाटतं म्हणून लोक करतात आणि तीच जागा पुन्हा दुखावून घेतात.

एक अट: दुखापतीच्या वेळी ‘टक्’ असा आवाज आला असेल, मांडी काळीनिळी पडली असेल किंवा बसताना नितंबाच्या हाडापाशी कळ येत असेल, तर बारला हात न लावता लगेच ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) हाडापासून सुटला असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय पहिल्या काही आठवड्यांतच घ्यावा लागतो.