उभ्या राहिलेल्या ट्रकचं मिसिंग

भाऊ, दोन पावसाळे खळ्यात उभी असलेली गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही, म्हणून लगेच डिझेल पंप उतरवू नकोस. आधी टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढ. खाली पाणी बसलेलं दिसलं तर टाकी धुवून फिल्टर बदल.

मग रबरी पाइप नीट बघ. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा कधी कधी ४५ अंशांवर जातो, त्यात रबर तडकतं. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हा ओढीचा भाग. चालू गाडीत तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. नवा माणूस इथंच फसतो. पाइप बदलून हातपंप मार आणि बुडबुडे थांबेपर्यंत एअर, म्हणजे पाइपात अडकलेली हवा, काढ.

तरीही मिसिंग राहिलं तर इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून एकेका नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, पाइपचं नट थोडं सैल कर. ज्याला आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपावर. कॉमन रेलला, म्हणजे खूप जास्त दाबाच्या नव्या डिझेल सिस्टिमला, अजिबात नको, ती धार कातडीत घुसते. इथंही चष्मा घाल, हात लांब ठेव.

तो नोझल शेजारच्याशी बदलून बघ. दोष सोबत गेला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब) मोज, व्हॉल्व्ह किंवा पिस्टनची रिंग अडकली असेल.