नागवणे आणि लुटणे

प्रश्न असा आला आहे : ‘ग्राहकांची नागवणूक’ असा मथळा वाचला. नागवणे म्हणजे नागडे करणे ना? मग इथे सरळ ‘लूट’ का म्हटले नाही?

मूळ तेच आहे. संस्कृत नग्न, त्यावरून नागवा, आणि त्यावरून नागवणे. अंगावरची वस्त्रेसुद्धा सोडली नाहीत, इतके काढून घेणे. आज मात्र कपड्यांचा संबंध उरलेला नाही. ‘पोरीच्या लग्नात पुरता नागवला’ म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे धोतर येत नाही!

फरक वाक्यात घालून बघा. चोरांनी दागिने लुटले, प्रवासी लुटले, दोन्ही चालते. नागवायला मात्र माणूस लागतो, फार तर गाव; ‘दागिने नागवले’ असे कुणी म्हणणार नाही. शिवाय ‘मी त्या व्यवहारात नागवलो’ असे नागवणाऱ्याचे नाव न घेता, आपल्यापुरते म्हणता येते. कुणी केले ते बाजूला राहते, हात रिकामे झाले एवढेच उरते. लुटणे बहुधा बळाने, उघड. लुबाडणे गोड बोलून. नागवणे यांपैकी कसेही, अगदी कायदेशीर कागदावरसुद्धा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य राग दस्तऐवजांवर आणि कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. सावकाराने वाट अडवून लुटले नव्हते, कागद लिहून घेऊन नागवले होते.

लुटणे हा शब्द त्या मानाने भाग्यवान. दसऱ्याला आपण आपट्याचे सोने लुटतो, बोरन्हाणात पोरे बोरे आणि चुरमुरे लुटतात, सुट्टीत मजा लुटतो. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात तर गंमतच आहे. ‘यंदा काय लुटलंस?’ या प्रश्नाचे उत्तर ‘स्टीलच्या वाट्या’ असे येते, आणि त्या वाट्या तिने घेतलेल्या नसतात, वाटलेल्या असतात! लुटणारी तीच आणि खर्चही तिचाच. (पन्नास बायका आल्या तर नागवण कुणाची, ते यजमानांना विचारा.)

नागवणे या शब्दाला असा सण कधी लाभला नाही.

तेव्हा मथळा बरोबर आहे. दुकान फोडले असते तर लूट. जादा आकार लावून खिसे रिकामे केले असतील तर नागवणूक जास्त नेमकी. फक्त ‘ग्राहकांच्या पैशांची नागवणूक’ लिहू नका.